तारीख, फाईल आणि सोबतीला एक माणूस: मोठेपणी एडीएचडीचं निदान झालं तर

मनोविकारतज्ज्ञांची पहिली अपॉइंटमेंट मी विसरले. दुसऱ्या वेळी आठवण होती, पण अमळनेर स्टेशनवर पोहोचले तेव्हा गाडीचा शेवटचा डबा पुढे सरकताना दिसला. तिसऱ्या वेळी वेळेवर जळगावला उतरले आणि रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, रिपोर्टची फाईल घरी फ्रिजवर राहिली. चौथ्या वेळी नवऱ्याला सोबत घेतलं. तेव्हा कुठे काम मार्गी लागलं. माझं वय तेव्हा ३७ होतं, आता ४१ आहे.

या त्रासाची थट्टाच अशी आहे की उपचार मिळवायला जे जे लागतं, म्हणजे तारीख ध्यानात ठेवणं, कागद जपणं, रांगेत टिकून राहणं, महिन्याच्या महिन्याला न चुकता जाणं, नेमकं तेच आपल्याला जमत नाही. म्हणून हे पायऱ्या पाडून लिहिते आहे. एका बैठकीत सगळं वाचून होणार नाही, याची कल्पना आहे. तुम्ही ज्या पायरीवर आहात तेवढी वाचा, बाकी नंतर.

मी डॉक्टर नाही, एका पतसंस्थेत लिपिक आहे. औषधाचा निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा. इथे आहे ती वाटेतल्या खड्ड्यांची माहिती.

१. आधी शब्द समजून घ्या

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर. नाव फसवं आहे. लक्ष नसतं असं नाही, लक्षाचा लगाम आपल्या हातात नसतो. कंटाळवाणं व्हाउचर दहा मिनिटं बघवत नाही आणि आवडीचं काम मिळालं की चहा गार होतो, दुपार उलटते, पत्ता लागत नाही.

हा त्रास लहानपणापासून असतो. चाळिशीत अचानक सुरू झालेला विसराळूपणा हा बहुधा दुसरंच काहीतरी असतो. निदानासाठी डॉक्टर जी नियमावली वापरतात, तिच्यात पूर्वी लक्षणं सातव्या वर्षाआधी दिसली पाहिजेत अशी अट होती. २०१३ साली ती बाराव्या वर्षापर्यंत वाढवली, आणि १७ वर्षं व त्यावरच्यांसाठी सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी धरली. त्यामुळे आपल्यासारखे कित्येक जण त्या व्याख्येत पहिल्यांदाच बसले. "हा तर पोरांचा आजार" असं कुणी म्हणालं तर त्याच्यामागे ती जुनी समजूत आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. वर्गात बाकावरून उड्या मारणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. खिडकीबाहेर बघत शांत बसलेली मुलगी कुणालाच दिसत नाही. तिला फक्त "वेंधळी" म्हणतात. माझी माय म्हणायची, "तुन्हं ध्यान कोठे शे व माय?" मला खरंच माहीत नसायचं.

२. डॉक्टरकडे जाण्याआधी आठवडाभर यादी करा

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेली १८ प्रश्नांची एक चाचणी आहे, एएसआरएस नावाची. त्यातले पहिले सहा प्रश्न चाळणीसाठी असतात. ती भरून बघायला हरकत नाही, पण चाळणीत अडकलं म्हणजे निदान झालं असं नाही. मोबाईलवर एखादं रील बघून "अरे, हे तर मीच" असं वाटलं म्हणजे तर नाहीच नाही.

चाचणीपेक्षा मला उपयोगी पडली ती माझी वही. एका बाजूला लहानपण, दुसऱ्या बाजूला आताचं. "माझं लक्ष लागत नाही" असं लिहू नका, घडलेलं लिहा. माझ्या वहीतल्या काही ओळी:

- चौथीत तीन वेळा दप्तर शाळेत विसरून घरी आले.
- संध्याकाळी रोकड जुळत नाही. मागच्या वर्षी कमी पडलेले पैसे चार वेळा खिशातून भरले.
- आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी मोटर लावते आणि बंद करायला विसरते. टाकी वाहून शेजारच्या काकूंच्या ओट्यावर पाणी.
- लाईटबिल भरायला पैसे असतात, तरी दंड लागतो.
- कुणी बोलत असताना त्यांचं वाक्य मीच पूर्ण करते. सासूबाईंचंसुद्धा.

त्रास घरी आणि कामावर, अशा किमान दोन ठिकाणी दिसतो का, हेही डॉक्टर बघतात. फक्त एका साहेबासमोरच धांदल उडत असेल तर कदाचित साहेबच तपासायला हवा.

३. कुठे जायचं, कुणाकडे

निदान आणि औषध: मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट. चाचण्या आणि समुपदेशन: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. सायकॉलॉजिस्ट औषध लिहून देऊ शकत नाहीत. या दोन पाट्यांमधला फरक न कळल्यामुळे माझ्या ओळखीच्या एकाचे दोन महिने वाया गेले.

खान्देशात जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग शोधा. जाण्याआधी ओपीडी कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत, हे विचारून घ्या. केसपेपरची खिडकी दुपारआधीच बंद होते, म्हणून सकाळची गाडी धरा. खासगी दवाखानेही तिन्ही शहरांत आहेत. फोन करताना एकच प्रश्न विचारा: "डॉक्टर मोठ्या माणसांचं एडीएचडी बघतात का?" सगळेच बघतात असं नाही, आणि हे फोनवर कळलेलं बरं.

अमळनेरच्या आसपासच्यांसाठी एक घरगुती सल्ला. मंगळवार टाळा. मंगळग्रह मंदिराच्या गर्दीने गाड्या भरलेल्या असतात, आणि गर्दीत उभ्याने आलेलं आपलं डोकं डॉक्टरसमोर बसेपर्यंत रिकामं झालेलं असतं.

कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर टेलिमानस, १४४१६. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येतं. मी पहिला फोन तिथेच केला होता, गच्चीवर जाऊन, घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

४. पिशवीत काय हवं

हे सगळं एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये आदल्या रात्री भरा आणि ती फाईल चपलेवर ठेवा. हो, चपलेवर. फाईल उचलल्याशिवाय घराबाहेर पडताच येत नाही.

- आधार कार्ड, जुने केसपेपर, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं. पाकिटाचा फोटोही चालतो.
- थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ यांचे अलीकडचे रिपोर्ट असतील तर. रक्त कमी असलं, थायरॉईड बिघडलेलं असलं तरी लक्ष उडतं.
- शाळेची प्रगतिपुस्तकं. माझी सापडली ती माहेरी, धान्याच्या कोठीमागच्या पत्र्याच्या पेटीत. तिसरीच्या बाईंनी शेऱ्यात लिहिलं होतं: "हुशार आहे, परंतु लक्ष देत नाही." पाचवीत तोच शेरा, अक्षर वेगळं. डॉक्टर ते वाचून हसले नाहीत, वहीत उतरवून घेतलं.
- तुम्हाला लहानपणी पाहिलेलं माणूस. आई, मोठी बहीण, मामा, कुणीही. येणं जमत नसेल तर त्यांचा फोन नंबर आणि डॉक्टर फोन करतील ही आधी दिलेली कल्पना.
- दुसऱ्या पायरीवरची ती वही.
- पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी. भुकेल्या पोटी आपलं लक्ष आणखी पळतं.

मिश्री, तंबाखू, गुटखा, दारू, जे काही असेल ते खरं सांगायची तयारी ठेवा. लाजून लपवलं तर चुकीच्या गोळीचा त्रास आपल्यालाच.

५. भेटीत काय होतं

बोलणं होतं. भरपूर. पहिली भेट पाऊण तासाची होती, निदान दुसऱ्या भेटीत झालं. चिंता, नैराश्य, झोपेचा आजार, मूडचे चढउतार, हे सगळं बाजूला काढून बघावं लागतं. बऱ्याचदा ते एडीएचडीच्या जोडीनेच असतं, त्यामुळे वेळ लागतो. दहा मिनिटांत निदान आणि लगेच तीन महिन्यांच्या गोळ्या देणारा डॉक्टर भेटला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

सापळा: एडीएचडी सांगणारी रक्ताची तपासणी नाही, डोक्याचा स्कॅनही नाही. मला एका ठिकाणी "ब्रेन मॅपिंग" करून घ्या म्हणाले, हजारोंचा आकडा सांगितला. निदान बोलण्यातून, इतिहासातून होतं. फिट येते, डोक्याला मार लागला आहे, अशा दुसऱ्या कारणासाठी तपासणी सांगितली तर गोष्ट वेगळी, पण "कशासाठी?" हे विचाराच.

निदान ऐकल्यावर मला रडू आलं. दुःखाचं म्हणावं तर तसं नव्हतं. घरी येताना गाडीत धरणगावपर्यंत मी फक्त हिशोब करत होते: बारावीला गेलेले मार्क, सोडून दिलेलं बी.एड., तुटलेल्या मैत्रिणी. हा हिशोब काही दिवस चालतो. चालू द्या. त्या आठवड्यात नोकरी सोडणं, सोनं मोडणं, भांडण मिटवायला जुन्या माणसांना फोन करणं, असले निर्णय मात्र घेऊ नका. माझ्यासारख्या उतावीळ माणसाला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

६. गोळी: कागदांची भानगड आणि खान्देशचं ऊन

आपल्याकडे मोठ्यांना साधारणपणे दोन औषधांपैकी एक देतात. एक मेथिलफेनिडेट, ते लगेच, त्याच दिवशी परिणाम दाखवतं आणि काही तासांत उतरतं. दुसरं ॲटोमोक्सेटीन, ते रोज घ्यावं लागतं आणि पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात. कोणतं, किती, हे डॉक्टर ठरवतील. रक्तदाब, हृदयाचा त्रास, काचबिंदू, फिट येण्याचा इतिहास, गरोदरपण किंवा तसा विचार, यातलं काहीही असेल तर गोळी लिहायच्या आधीच बोला.

मेथिलफेनिडेटची अडचण कागदांची. कायद्याने ते शेड्यूल एक्समध्ये येतं. म्हणजे:

- चिठ्ठी दोन प्रतींत लागते. एक प्रत औषध दुकानदार घेतो आणि त्याला ती दोन वर्षं जपून ठेवावी लागते.
- वेगळा परवाना असलेल्या दुकानातच ते मिळतं. तालुक्याच्या गावी बहुतेक मिळत नाही. म्हणून दवाखान्यातून निघण्याआधीच विचारा, "कोणत्या दुकानात आहे?" आणि परतीची गाडी धरण्याआधी औषध घ्या. मी एकदा "उद्या घेऊ" म्हणून घरी आले. त्या "उद्या"ला अकरा दिवस लागले.
- व्हिडिओ कॉलवर तपासून ते लिहून देता येत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांत ही औषधं वगळलेली आहेत. "ऑनलाइन घरपोच देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.
- गोळ्या संपायला दहा दिवस उरले की पुढची तारीख घ्या. पाकिटावर त्या दहाव्या गोळीभोवती पेनाने गोल काढून ठेवा.

ॲटोमोक्सेटीनला हा दोन प्रतींचा व्याप नाही, साध्या चिठ्ठीवर मिळतं. गावापासून शहर लांब असेल तर हा मुद्दाही डॉक्टरांपुढे मांडा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता ऊन. जळगाव-भुसावळचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. गोळीने भूक मरते, तोंड कोरडं पडतं, छातीत धडधड वाढू शकते. त्यात ४४ अंशांची दुपार आणि चार कप चहा. पहिल्या उन्हाळ्यात मला चक्कर आली ती पतसंस्थेच्या काउंटरवर, लोक भरणा घेऊन रांगेत उभे असताना. आता गोळीच्या आधी सकाळीच पोटभर भाकरी-भाजी खाते, चहा दोनवर आणला आहे आणि पाण्याची बाटली टेबलावर डोळ्यांसमोर असते. उपासाच्या दिवशी काय करायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या. नवरात्रात नऊ दिवस पाण्यावर राहून वर ही गोळी, असं परस्पर करू नका. आणि गोळ्या गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. पाकिटावर साठवणीचं तापमान छापलेलं असतं, ते आपल्याकडच्या उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीपेक्षा बरंच खाली असतं.

झोप उडाली, चिडचिड वाढली, मन फार खाली गेलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता कळवा. "सवय होईल" असं स्वतःच ठरवू नका, गोळी परस्पर बंदही करू नका.

७. घरी आणि ऑफिसात सांगणं

घरी सांगताना मी चूक केली. सगळ्यांना जेवणाच्या ताटावर एकदम सांगितलं, तेही कानबाईच्या सणाला, पाव्हणे असताना. कुणी म्हणालं, "डोक्याची गोळी चालू झाली का?" कुणी म्हणालं, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." नणंदेने बाहेरचं बघायला सांगितलं. त्या रात्री मी ठरवलं की आता कुणाला काही सांगायचं नाही.

मग नवऱ्याने एक एक करून सांगितलं. सासूबाईंना त्याने आजाराचं नावच सांगितलं नाही. "आई, तिला एका वेळी एकच काम सांग, आणि सांगितल्यावर तिच्याकडून परत बोलून घे," एवढंच सांगितलं. सासूबाईंना ते पटलं, कारण त्याने त्यांचंच काम सोपं झालं. माझा अनुभव असा की नाव नंतर सांगितलं तरी चालतं, आधी वागण्यातला एक बदल मागावा. छोटा, जमण्यासारखा.

ऑफिसात सांगायचं की नाही हे तुमच्या साहेबावर अवलंबून आहे. सांगायची सक्ती नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, त्यात उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांसारखंच धरावं, हेही त्याच कायद्यात आहे. प्रत्यक्ष पॉलिसीत काय येतं ते मात्र वाचूनच घ्या. मी साहेबांना आजार सांगितला नाही, दोन सोयी मागितल्या: रोकड मोजताना काउंटरची खिडकी पाच मिनिटं बंद, आणि तोंडी सूचनेऐवजी चिठ्ठी. मिळाल्या.

सापळा: "दिव्यांग प्रमाणपत्र काढून देतो" म्हणणारे एजंट. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे. त्यात एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. एजंटला पैसे देण्याआधी सरकारी रुग्णालयात विचारा.

८. रोजचं निभावणं

गोळीने लगाम हातात येतो, गाडी कुठे न्यायची ते शिकावं लागतंच. मोबाईलमधली ॲप, रंगीत डायऱ्या, वर्षाचं नियोजन, सगळं करून झालं. डायऱ्या सहा आहेत, प्रत्येकीची पहिली अकरा पानं भरलेली.

टिकलं ते फार साधं आहे. लाईटबिल, मोबाईल, विम्याचा हप्ता, सगळं बँकेतून आपोआप कापलं जातं. मोटरला टायमर लावला. दूध तापवताना गॅससमोरून हलायचं नाही, हा नियम, याला अपवाद नाही. किल्ली, पाकीट, चष्मा दारामागच्या एकाच खिळ्यावरच्या पिशवीत. रोकड मोजताना फोन ड्रॉवरमध्ये, आणि मध्येच कुणी बोललं तर मान वर न करता हात वर करते. गिऱ्हाइकांना आता सवय झाली आहे. खरेदीची हुक्की आली की एक रात्र जाऊ देते. सकाळीही हवीशी वाटली तर घेते.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट मला बिबड्यांनी, म्हणजे ज्वारीच्या पापडांनी शिकवली. उन्हाळ्यात आपल्याकडे बिबडे करतात, तो व्याप तुम्हाला माहीत आहे: ज्वारी भिजवायची, दळायची, पहाटे मोठ्या पातेल्यात शिजवायची, ऊन चढायच्या आत खाटेवर ओलं कापड टाकून थापायचे. दिवसच्या दिवस चालणारं, पायऱ्यांचं काम. माझ्यासारखीला हे अजिबात जमू नये. तरी लग्नानंतर एकाही वर्षी माझे बिबडे बिघडले नाहीत. आणि घरचं साधं कपड्यांचं कपाट मात्र तीन वर्षं आवरलं गेलं नाही. डॉक्टरांना मी हे कोडं म्हणून विचारलं. त्यांनी विचारलं, "बिबडे करताना तिथे कोण कोण असतं?"

गल्लीतल्या सगळ्या बाया असतात. कुणी पीठ ढवळतं, कुणी कापड ओलं करतं, कुणी नुसतंच बोलत बसतं. माझ्या कामाला कुणी हात लावत नाही, पण बाजूला माणूस असतं आणि लक्ष तिथंच बांधलेलं राहतं. कपाट मी एकटीनं आवरायला बघत होते. त्या रविवारी शेजारच्या काकूंना म्हटलं, तुमचं तांदूळ निवडायचं इथे घेऊन या, माझ्या खोलीत बसा. दोन तासांत कपाट झालं. काकूंनी एकाही कपड्याला हात लावला नाही.

तेव्हापासून आवरायची, भरायची, लिहायची जी कामं रखडतात, ती मी "बिबड्यांची कामं" म्हणून वेगळी काढते आणि त्यांना माणूस शोधते. प्राप्तिकराचे कागद भरताना माझी भाची फोनवर व्हिडिओ चालू ठेवून तिचा अभ्यास करते. आम्ही बोलत नाही.

९. दुसऱ्याला मदत करताना

आपलं निदान झालं की जगात सगळीकडे एडीएचडी दिसायला लागतं. भावात, साहेबात, रस्त्यावर इंडिकेटर न देता वळणाऱ्या प्रत्येकात. जगभरच्या अभ्यासांतला अंदाज शंभर प्रौढांमागे सुमारे अडीच असा आहे. म्हणजे भरलेल्या एसटीत एखादा, सगळी एसटी नाही. कुणाला परस्पर निदान देऊ नका.

हा धडा मला एका शेतकरी भाऊंनी दिला. कापूस, थोडी केळी. त्यांची ई-पीक पाहणी राहून जायची, पीक विम्याची तारीख हुकायची, सोसायटीच्या कर्जाचं नवं-जुनं वेळेत व्हायचं नाही. मला खात्रीच होती. सोबत धुळ्याला गेले. डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून?" भाऊ म्हणाले, "दोन वर्षांपासून. मुलगा गेल्यापासून." ते नैराश्य होतं. उपचार वेगळा, गोळी वेगळी. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते आणि हा एक प्रश्न विचारला नव्हता.

तरी सोबत गेले ते वाया गेलं नाही. एकटे ते गेलेच नसते. म्हणून मदत म्हणजे माझ्या लेखी हे:

- पहिल्या दोन भेटींना सोबत जा. सल्ले घरी ठेवा.
- आदल्या रात्री एक मेसेज: गाडीची वेळ, फाईल, पाणी. सकाळी एक फोन. त्यापेक्षा जास्त नाही, नाहीतर ती कटकट होते.
- "अजून केलं नाहीस?" असं विचारू नका, "कुठे अडलंय?" विचारा. बऱ्याचदा एखादा फॉर्म, एखादा पासवर्ड, एखादा फोन, एवढ्यावरच सगळं थांबलेलं असतं. तो फोन त्यांनी करावा, तुम्ही शेजारी बसा.
- "मलापण होतं असं, सगळ्यांनाच होतं" हे वाक्य टाळा. बरं वाटावं म्हणून म्हणतो, पण ऐकणाऱ्याला खोटं ठरवल्यासारखं लागतं.
- डॉक्टरसमोर त्यांच्या वतीने बोलू नका. नवरा-बायको असाल तर हे जास्त लक्षात ठेवा. माझा नवरा पहिल्या भेटीत माझी उत्तरं देत होता. डॉक्टरांनी त्याला पाणी आणायला पाठवलं.
- आपली गोळी दुसऱ्याला कधीही देऊ नका. जळगावच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या नात्यातल्या एका मुलाने स्पर्धा परीक्षेसाठी माझ्याकडे "दोनच" मागितल्या होत्या. त्याच्या हृदयाचं, रक्तदाबाचं मला काही माहीत नाही, आणि हे औषध असं वाटणं गुन्हाही आहे. त्याला चहा दिला, गोळी दिली नाही. अजून रुसलेला आहे.
- कुणाचं निदान कुणाला सांगू नका. आपल्याकडे बातमी पारोळ्याहून एरंडोलला एसटीच्या आधी पोहोचते.

कुणी जगण्यात अर्थ नाही असं बोललं, अगदी हसत बोललं तरी, त्याला एकटं सोडू नका. १४४१६ लावा, धोका वाटला तर थेट सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. तिथे तारीख लागत नाही.

आणि स्वतःला मर्यादा घाला. आपण उतावीळ माणसं, एका आठवड्यात पाच जणांना हो म्हणून बसतो आणि पाचही जणांना विसरतो. मी एका वेळी एकालाच घेते. सध्या चोपड्याच्या एक ताई आहेत. बुधवारी जायचं आहे. त्यांच्या तारखेचा गजर माझ्या फोनवर आहे, माझ्या गोळ्या संपायचा गजर त्यांच्या फोनवर. फाईल चपलेवर ठेवल्याचा फोटो मंगळवारी रात्री दोघींनी एकमेकींना पाठवायचा, असं ठरलं आहे.